झोन २२ : रेडिओ स्पर्धेच्या तयारीची वही

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गौरी-गणपती झाले, मुंबईकर परत गेले, घर मोकळं झालं. आता वही उघडायला हरकत नाही.

यंदा हौशी रेडिओवाल्यांची (हॅम लोकांची) 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही जागतिक स्पर्धा, तिचा आवाजी भाग, २६-२७ ऑक्टोबरला आहे. यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ) शनिवार लागताच शून्य वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. ४८ तासांत जगातली जमतील तितकी स्टेशनं गाठायची. प्रत्येकाला द्यायचं काय, तर '५९' (म्हणजे 'तुझा आवाज स्वच्छ आणि जोरात') आणि आपला झोन नंबर. जगाचे ४० झोन पाडलेत, भारत २२ मध्ये. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं तर ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाचं १, भारतातल्याचं शून्य. मग प्रत्येक बँडवर (१०, १५, २०, ४०, ८० मीटर असे लहरींचे पट्टे) जितके वेगळे झोन आणि वेगळे देश मिळाले त्यांची बेरीज करून गुणांना गुणायचं. त्यामुळे शून्य गुणांचं भारतीय स्टेशनही प्रत्येक बँडवर एकदा हवंच असतं.

आपली मेख अशी की झोन २२ मधून बोलणारे थोडे. युरोपातल्या माणसाला आम्ही 'देश' म्हणूनही हवे असतो आणि 'झोन' म्हणूनही. तो आम्हाला शोधत येतो. आम्हाला तो ऐकू आला पाहिजे, एवढंच.

स्टेशन तसं साधं: आयकॉम ७३०० सेट, १०० वॅट. वर्गही १०० वॅटचाच, एकट्याचा. १२ मीटरचा जीआय पाइप, त्यावर घरी बनवलेली २०, १५ आणि १० मीटरची हेक्सबीम अँटेना, म्हणजे उलटी धरलेली छत्रीच. ४० मीटरला उलट्या 'व्ही'सारखी तार. ८० मीटरची तार 'निसर्ग' चक्रीवादळात गेली, ३ जून २०२० ला. दोन माड आडवे झाले त्यात तीही. तेव्हापासून ८० मीटर नाहीच. यंदा ती उभी करायची.

आज पावसानंतर पहिल्यांदा सेट लावला. १० मीटरवर स्टेशनं आहेत, पण लांबून कोणी कुजबुजावं तशी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.३. मीटर म्हणतो सगळं झकास.

२२ सप्टेंबर, रविवार

सगळं झकास नव्हतं.

आठवडाभर रात्री दुकानातून आलो की एकच प्रश्न. एसडब्ल्यूआर चांगला, तरी सिग्नल का नाही? आज सकाळी पाइप आडवा केला. पुतणी, तिचा बाबा, शेजारचे तात्या आणि मी, चौघं. वरचा कनेक्टर सोडवला आणि तसाच उघडा ठेवून खाली येऊन मोजलं. केबलच्या टोकाला काहीच नाही आणि एसडब्ल्यूआर २.२! खरं तर मीटरचा काटा पार टोकाला जायला हवा होता.

मग टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा नुसता भार) आणि वॅटमीटर लावला. खालून १०० वॅट सोडले, वर पोचले ३८. चौतीस मीटर आरजी-२१३ केबलला २८ मेगाहर्ट्झवर ७५-७६ तरी पोचायला हवेत. बाकीचे केबल पीत होती. जाताना पिते आणि अँटेनावरून परत येणारी शक्तीही पिते, त्यामुळे खाली मीटरला परत येणारं काही दिसतच नाही. केबल जितकी वाईट, तितका एसडब्ल्यूआर देखणा. पंचवीस वर्षं दुकानात मोटारींचं वाइंडिंग भरतोय, ही गोष्ट वाचलेलीही होती, तरी सहा दिवस मीटरवर विश्वास ठेवला.

दुकानातला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणला. ५०० व्होल्टला आतली तार आणि जाळी यांच्यात सव्वादोन मेगओम. कोरड्या केबलला काटा अनंतावर जाऊन बसतो. पाण्यात बसलेल्या पंपाचंही वाइंडिंग कधीकधी याहून बरं दाखवतं.

पीएल-२५९ कनेक्टरची मागची बाजू कापली तर दोन थेंब टपकन तळहातावर पडले. जाळी काजळीसारखी काळी, बोटाने चोळली तर भुकटी. मुळाशी जरा हिरवटपणा. एक फूट कापली, अजून काळी. मीटरभर, अजून काळी. पाणी जाळीतून वातीसारखं चढत-उतरत जातं. पाच मीटर कापल्यावर तांबं तांब्यासारखं दिसलं. पुतणीने सगळे तुकडे ओळीने अंगणात मांडले होते, काळ्यापासून लालपर्यंत, आणि फोटो काढला. ती परीक्षेची तयारी करतेय, तिला 'ट्रान्समिशन लाइन' हा धडा आज समजला म्हणे.

चूक माझीच. गेल्या वर्षी कनेक्टरवर नुसती काळी पीव्हीसी टेप गुंडाळली होती. समुद्र इथून सातशे मीटर. खाऱ्या वाऱ्यात ती टेप एका उन्हाळ्यात सुटते.

२९ सप्टेंबर, रविवार

उरलेली २९ मीटर केबल. वळचणीखालून सरळ नेली तर पुरते. मेगर: काटा अनंतावर. १०० पैकी ७४ वॅट वर पोचतात. जुनी केबल आहे, चालेल.

कनेक्टर शंभर वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने डाखला; छोट्या इस्त्रीने जाळीचा टाका थंड राहतो आणि आतलं प्लास्टिक मात्र वितळतं. वर आपल्याआप एकजीव होणारी रबर टेप, ताणून, खालून वर अशी, म्हणजे कौलांसारखा एकावर एक चढ येतो. तिच्यावर पीव्हीसी टेप, उन्हापासून राखायला. केबलला कनेक्टरखाली एक झोल ठेवला, पाणी तिथून गळून जाईल.

हेक्सबीमच्या सहा फायबरग्लास नळ्या उन्हाने खडबडीत झाल्यात. पृष्ठभागावरचे तंतू उठलेत, डोळ्यांना दिसत नाहीत. पाचवी नळी पुसेपर्यंत दोन्ही हात मिरची लागल्यासारखे. संध्याकाळी पुतणीने भिंगाखाली चिमट्याने एकेक कूस काढलं. नळ्यांना पॉलिश पेपर न मारता आधी ओलं फडकं फिरवा आणि हातमोजे घाला, हे पुढच्या वर्षीच्या मला सांगण्यासाठी लिहून ठेवतो. दोन हात रंग दिला.

तारा बदलल्या. घरगुती वायरिंगची दीड एमएमची, आवरणासकट. उघड्या तांब्यापेक्षा आवरण असलेली तार दोनतीन टक्के आखूड लागते. मागच्या वेळी हे विसरलो आणि सगळे बँड खाली सरकले होते. होज क्लिपा सगळ्या बदलल्या. 'स्टेनलेस' म्हणून घेतलेल्यांचे पट्टे शाबूत, पण पेच गंजून त्यांची बोरं झालेली. पेचसुद्धा स्टेनलेसचा आहे ना, हे चुंबक लावून बघायचं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. पाइप उभा. संध्याकाळी दुकानातच होतो, पुण्याच्या एका मित्राचा मेसेज: "बँड गेले काय?" सूर्यावर पावणेसहाच्या सुमारास एक्स ९.० चा स्फोट (एक्स म्हणजे सगळ्यांत जोरदार वर्ग). असा स्फोट झाला की सूर्याकडच्या बाजूचे बँड काही वेळ गप्प होतात. हे सौरचक्र २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालं, आता ऐन भरात आहे. १० मीटर दिवसभर उघडा राहतो ते त्याच्याच कृपेने, आणि अशा थपडाही त्याच्याच. मी ऐकायला नव्हतो. ऐकायला हवा होतो, पुढे उपयोगी पडलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

१० मीटरवर आता सिग्नल आहेत. पण संध्याकाळी १५ मीटरवर एस ७ चा खरखराट ('एस' म्हणजे सेटच्या मीटरवरचं सिग्नलच्या जोराचं माप). दळणाची गिरणी दूर कुठेतरी चालू असावी तसा. एस ५ च्या माणसाने कितीही ओरडलं तरी तो या खरखरीखालीच.

घरातला मेन स्विच पाडून सेट बॅटरीवर चालवला. खरखर तशीच. म्हणजे घरातली नाही.

खिशातला जुना ट्रान्झिस्टर घेऊन, मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी काटा ठेवून, अर्धा तास गावात फिरलो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते. तो आडवा धरून फिरवला की एका दिशेला आवाज बुडतो, त्या दिशेला कांडीचं टोक, तिकडेच गुन्हेगार. रस्त्यात तिघांनी विचारलं, मॅच आहे का.

वाढत वाढत गेला तो आमच्यापासून तिसऱ्या खांबापाशी. तिथे ट्रान्झिस्टरमध्ये कढईत मोहरी तडतडावी तसं. आणि मग सात वाजता सर आली, पाचच मिनिटं, आणि आवाज ठप्प. सर गेली, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू.

ही खूण मोलाची. सैल जोडात बारीक फट असली की ठिणगी उडत राहते; फट ओली झाली की वीज तिथून गुपचूप वाहते, ठिणगी थांबते. एखाद्याचा ॲडॅप्टर असता तर त्याला पावसाशी काय देणंघेणं? (खांबाला हातोडा मारून बघा असं काही जण सांगतात. मारू नये. वर काय सैल आहे ते माहीत नसताना खालून हलवायचं नसतं.)

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

वायरमनला गुरुवारी गाठलं होतं. "रेडिओला त्रास होतो" असं सांगितलं असतं तर तो हसला असता. "रात्री वर ठिणगी दिसते" म्हटल्यावर लगेच आला. खोटं नव्हतं, पुतणीने दुर्बिणीतून पाहिली होती. सप्लाय बंद करून चढला. जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सैल. तो नवा बांधला, शेजारची बाइंडिंगची तारही बदलली. खाली येऊन काळवंडलेली जुनी तार मला दिली, "घ्या, तुमचा रेडिओ."

१५ मीटर आता एस ३. चार एस-युनिट कमी, एकेक सहा डेसिबलचं, म्हणजे २४ डेसिबल. एवढी कमाई अँटेनातून करायची तर माझ्या परसात मावणार नाही असं धूड उभारावं लागेल.

पण दोन दिवस ऐकायलाच काही नव्हतं. १० तारखेच्या रात्रीपासून मोठं चुंबकीय वादळ. अमेरिकेकडे जाणारी आपली वाट उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जाते, ती काल पूर्ण बंद. युरोप पाण्याखालून बोलल्यासारखा.

सेटला, मेगरला आणि डाखाच्या इस्त्रीला झेंडू वाहिला. वॅटमीटरला मुद्दाम मोठं फूल.

२० ऑक्टोबर, रविवार

८० मीटरची तार. दोन माडांच्या मध्ये. माड हा खांब म्हणून उत्तम, पण वाऱ्यात शेंडा दोन्हीकडे मिळून मीटरभर हलतो, दोघं वेगवेगळ्या तालात. घट्ट बांधलेली तार पहिल्याच वाऱ्यात तुटते. म्हणून एका टोकाला कप्पी. दोरी कप्पीवरून खाली आणि तिला अर्धा चिरा लटकवलेला. माड हलला की चिरा वरखाली होतो, ताण तोच राहतो.

चिरा जांभ्याचा, बांधकामातला उरलेला. त्याला भोक पाडायला गेलो तर भुगा झाला. मग दोरीची जाळी विणून त्यात ठेवला, शिंक्यातल्या लोण्यासारखा. माडावर चढायला पाडेली आला होता, त्याने वर कप्पी बांधताना विचारलं, "ही तार कसली?" म्हटलं, जपानशी बोलायची. "मग मोबाइल खराब झालाय काय तुमचा?"

दोन्ही बाजू मिळून ३९ मीटर. सेंटीमीटरच्या हिशेबाने कापत बसलो नाही, ३.६५ ला जमली तेवढं पुरे.

अँटेना फिरवायची सोयही आज पूर्ण. पाइपला गच्चीच्या उंचीवर सायकलची रिम पक्की केली, तिच्या खाचेतून नायलॉनची दोरी, दोन कप्प्यांवरून खिडकीत. एक टोक ओढलं की उजवीकडे, दुसरं ओढलं की डावीकडे. दोरीला रंगाच्या खुणा: ६० अंश लाल, जपान, ३२० निळी, युरोप, पांढरी थेट उत्तर. पुतणी म्हणाली मी फिरवते की. तिला नको म्हटलं. एकट्याच्या वर्गात स्टेशन चालवणं आणि नोंद ठेवणं सगळं एकट्यानेच करायचं असतं. दोरी ओढणं त्यात येतं का, यावर वाद घालता येईल. मला घालायचा नाही. तिने चहा आणावा, चहावर नियम नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान दोन दिवस बंद, पाटी लावली. ज्येष्ठमध, गरम पाण्याचा थर्मास. लॉगिंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर तपासलं, घड्याळ यूटीसीला मिळवलं. १५० एएचची इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली. "सीक्यू कॉन्टेस्ट" (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून बटणावर ठेवलं, म्हणजे घसा उत्तरांपुरता वापरायचा. नऊ वाजता झोपलो.

लक्ष्य: ८०० संपर्क. गेल्या वर्षी ५१२.

२६ ऑक्टोबर, शनिवार

(रात्री साडेअकराला लिहितोय, ४० मीटरवर कान ठेवून.)

साडेपाचला ४० वर. युरोपात अजून रात्र, आपल्याकडे उजाडायला तासभर. ३४ संपर्क. सूर्य वर आला तसा बँड विरत गेला. मग १५ आणि १०, दोरी लाल खुणेवर. जपानी लोकांबरोबर स्पर्धा खेळणं म्हणजे रांगेत उभं राहून प्रसाद घेणं. तुम्ही एक अक्षर म्हणालात की ते अक्षर ज्याच्या कॉलसाइनमध्ये (स्टेशनच्या नावात) नाही तो गप्प बसतो. आशियातला आशियात, म्हणून गुण एकच, पण तासाला सत्तर-ऐंशीने येतात. अकरापर्यंत २०७.

दुपारी बाराला दोरी निळ्या खुणेवर. १० मीटर युरोपकडे उघडायला लागला होता. २८.६९० वर मोकळी जागा मिळाली, बटण दाबलं, आणि एकदम भिंत कोसळली. चाळीसएक जण एकाच वेळी. कोणाचं शेपूट, कोणाचं डोकं. "...किलो किलो" असं काहीतरी ऐकू येतं, म्हणायचं "किलो किलो?" आणि तरी पंधरा जण उत्तर देतात ज्यांच्यात एकही किलो नाही. पाऊण तासात ८१. जन्मात असा दर मिळाला नव्हता.

पावणेएकच्या पुढे एक इटालियन बोलता बोलता बुडाला. "अगेन?" म्हटलं. काही नाही. सीक्यू दाबलं. काही नाही. तीन वेळा दाबलं. १० मीटर रिकामा.

आणि माझ्या डोक्यात काय यावं? कनेक्टर. नवा डाखलेला कनेक्टर, टाका थंड राहिला, सुटला. एसडब्ल्यूआर पाहिला, १.३. तर मनात आलं, हाच तो ढोंगी १.३! हेडफोन टाकून गच्चीवर पळालो. दुपारच्या उन्हात केबल चाचपली, झोल हलवून पाहिला, दुर्बिणीने वरची टेप पाहिली. खाली येऊन मेगर काढला, अँटेना सुटी करायला परत वर. पंचवीस मिनिटं.

खिडकीशी परत आलो तेव्हा पुतणी दारात. "काका, १५ पण गेलाय. आणि खरखर पण गेलीय."

तेच तर. केबल तुटली असती तर स्टेशनं गेली असती, पण १५, २०, ४० सगळीकडे एकाच वेळी गेलीच नसती. ४० ची तार वेगळी, केबल वेगळी. हेडफोनमध्ये बँडचा जो एक अखंड श्वास असतो तोही नव्हता. सूर्याच्या बाजूच्या पृथ्वीवर आयनांबराचा (लाटा परतवणाऱ्या वरच्या वातावरणाचा) खालचा थर स्फोटाच्या क्ष-किरणांनी एवढा विद्युतभारित झालेला की लाटा वर पोचायच्या आधीच शोषून घेत होता. एक्स १.८ चा स्फोट, १२ वाजून ४९ मिनिटांनी, आणि त्या वेळी सूर्य जवळजवळ आमच्याच डोक्यावर. तीन आठवड्यांपूर्वी हेच वहीत लिहिलं होतं.

अशा वेळी वरचा बँड आधी शुद्धीवर येतो, खालचे मागून. १० मीटरवरच बसून राहिलो. पहिल्यांदा खरखर परत आली, एखाद्या ओळखीच्या माणसासारखी. मग तिच्यातून एक अगदी बारीक बल्गेरियन.

चारला पुन्हा तासाला साठचा दर. संध्याकाळी सातच्या सुमारास १५ वर अमेरिकेचा पूर्व किनारा, दोरी जवळजवळ पांढऱ्या खुणेवर, एकेक संपर्क झगडून. ते ध्रुवावरचं फडफडणं कानाला लगेच कळतं, आवाजाला जणू पंख फुटलेत. आतापर्यंत ४९३.

२७ ऑक्टोबर, रविवार

दीड ते चार झोपलो. चार चाळीसला वीज गेली.

एरवी शिव्या दिल्या असत्या. पण सगळ्या गावाचीच गेली, आणि ४० मीटर एकदम कोरा झाला. गावातले सगळे ॲडॅप्टर, इन्व्हर्टर, एलईडी मेलेले. सेट बॅटरीवर. १२.२ व्होल्ट, बोलताना ११.८ च्या खाली जाऊ लागलं, तेव्हा ताकद ६० वॅटवर आणली. नाहीतर आवाज चिरकतो. आणि त्या शांततेत कॅरिबियनमधला एक माणूस, झोन ८, एस ३ म्हणण्याइतकाही नाही. दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा घेतलं. नवा देश, नवा झोन, ६० वॅट, अंधारात कंदिलाच्या उजेडात नोंद. सहा वाजता वीज आली आणि तो खरखरीखाली गेला. तिथेच बोलत असणार, मला ऐकू येईना.

दुपार भरभर गेली. १० मीटर तीन तास, १६० संपर्क, काहीही न मोडता.

सहा वाजता १५ वर अमेरिका उघडताना खरखर एस ८. खांब? नाही, हा वेगळा: गुणगुण आणि मधेमधे ठेका. खिडकीतून पाहिलं तर तात्यांच्या पडवीत नातवंडांनी आकाशकंदील आणि एलईडीच्या माळा लावल्या होत्या. उद्या वसुबारस. माळा तालात चमकत होत्या आणि माझ्या हेडफोनमध्ये तोच ताल.

गेलो. "तात्या, एक विनंती होती."

"माळा बंद कर म्हणणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझी पुतणी सांगून गेली, काका येतील म्हणून. अरे, तुझी अमेरिका बोलते तोवर आमच्या पोरांची दिवाळी अंधारात?"

बंद करा म्हणायचं नव्हतंच. खिशात फेराइटची दोन मोठी कडी घेऊन गेलो होतो, वायरीतून येणारी खरखर अडवायला. दोन माळांचा एकच ॲडॅप्टर. त्याची वायर एका कड्यातून नऊ वेळा फिरवली, माळेकडची बाजू दुसऱ्यातून. कंदिलात एलईडी होता, तिथे माझ्याकडचा जुना पिवळा बल्ब लावला. तात्या बघत उभे. "हा उजेड बरा आहे रे. तो पांढरा दवाखान्यासारखा होता." घरी येऊन पाहिलं, एस ४. पंधरा मिनिटं गेली, पुढच्या दोन तासांत अमेरिकेचे ५८ आले.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

साडेपाचला संपलं. शेवटचा संपर्क ८० मीटरवर, चिऱ्याच्या तारेवर, एक रोमेनियन, ५ वाजून २७ मिनिटं.

८७४ संपर्क. त्यातले ६१० तीन गुणांचे, २५१ एकेका गुणाचे, १३ आपल्याच देशातले. २०८१ गुण. झोन ८८, देश २३९, मिळून ३२७. सॉफ्टवेअर म्हणतं ६,८०,४८७. तपासणीत कमी होईल. चुकीचा कॉलसाइन नोंदला की तो संपर्क जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण दंड. शनिवारच्या गर्दीत एक युक्रेनियन मी नक्की चुकीचा लिहिलाय, शेवटचं अक्षर. झोपेत आठवलं. पण स्पर्धा संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकून किंवा यादीत शोधून दुरुस्त करायचं नाही असा नियम आहे. चुकीचाच राहू दे.

लॉग पाच दिवसांच्या आत पाठवायचा असतो. आजच पाठवला. दुकान उघडायला बारा वाजले.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोर्सच्या स्पर्धेला फार वेळ देता आला नाही, २१२ संपर्क. मिनिटाला २४ शब्दांच्या वर माझा कान जात नाही.

काल विधानसभेचा निकाल. दुपारी दोनपासून घरासमोरून मिरवणुका, गुलाल, डीजे. भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. आवाजाच्या स्पर्धेत हे झालं असतं तर माईकमधून जगभर ढोल गेला असता. मोर्समध्ये माईकच नाही. हेडफोन कानावर दाबले, फिल्टर २५० हर्ट्झवर आणला आणि त्या खिडकीएवढ्या फटीतून एकच बारीक शिट्टी ऐकत बसलो. डीजेचा ठेका आणि शिट्टीचा ठेका जुळला की मात्र हात चुकायचा. दोन संपर्क त्यात गेले.

मिरवणुकीतल्या कोणाचा तरी झेंडा ४० च्या तारेला अडकला. तार शाबूत.

८ डिसेंबर, रविवार

वरचा कनेक्टर तपासला, पाइप आडवा न करता, खालूनच मेगर लावून. हेक्सबीमच्या तारा आतून जोडलेल्या नाहीत, त्यामुळे थेट कळतं: काटा अनंतावर. खालच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवून तारीख आणि रीडिंग लिहिलं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एसडब्ल्यूआर बघायचा नाही, मेगर लावायचा.

चिऱ्याच्या जाळीची दोरी एका बाजूला झिजलीय, माडाला घासते. बदलायची. रिमच्या बेअरिंगला ग्रीस. पुतणीचा परीक्षेचा अर्ज भरायचा, तिचे दोन फोटो हवेत.

तात्यांच्या पडवीत पिवळा बल्ब अजून तसाच आहे. कंदील उतरवला, बल्ब ठेवला. फेराइटची कडी मागायला गेलो होतो, माळा आवरताना त्यांनी ती टीव्हीच्या वायरीला घालून टाकलीत. म्हणाले, "राहू दे, टीव्हीचा पण आवाज येत असेल तुला."

येत होता.